निळं औषध जांभळं कसं होतं? तोंडाच्या तपासणीपासून मलेरियाच्या काचेपर्यंत

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडं तोंडाच्या कॅन्सरची तपासणी शिबिरं घ्यावी लागतात, त्याचं मोठं कारण खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटायचा, पुडी बांधायची आणि दिवसभर गालात धरायची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो आणि शेतमजुरापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या खिशात सापडतो.

अशा काही शिबिरांत दंतवैद्य गालाच्या आतल्या चट्ट्यावर कापसाच्या बोळ्यानं एक निळं द्रावण लावतात. त्याआधी आणि नंतर सौम्य ॲसेटिक ॲसिडच्या, म्हणजे अगदी पातळ व्हिनेगरसारख्या पाण्यानं चूळ भरायला सांगतात. बहुतेक ठिकाणची निळाई धुऊन जाते, एखाद्या ठिकाणची राहते. आणि मग मांडवात एकच प्रश्न असतो: "डॉक्टरसाहेब, हे निळं निंगत नाई, मंग का कॅन्सरच हाय का?" डॉक्टर उत्तर देईपर्यंत बातमी घरी पोचलेलीसुद्धा असते.

या प्रश्नाचं उत्तर "नाही, तसं लगेच म्हणता येत नाही" असं आहे. पण ते नुसतं सांगून कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. तो रंग तिथं का राहिला, तो नेमका कशाला चिकटला आणि हाच निळा रंग काही ठिकाणी चक्क जांभळा का दिसतो, हे कळलं तर त्या डागावर किती विश्वास ठेवायचा हेही कळतं. मी रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या मते हा विषय बारावीच्या पुस्तकातल्या कितीतरी धड्यांपेक्षा आपल्या जगण्याच्या जवळचा आहे.

## रंगाला ओढ कशाची असते

तोंडात लावतात त्या रंगाचं नाव टोलुइडिन ब्लू. मिथिलीन ब्लू हा त्याचा सख्खा भाऊ. माशांच्या टाकीत टाकायचं निळं औषध म्हणून अनेकांनी ते पाहिलं असेल. दोघांचीही घडण सारखी: तीन कड्या एकमेकींना जोडलेल्या, सपाट, पत्र्यासारखा चपटा रेणू, आणि त्याच्यावर एक धनभार. विजेची धन बाजू आणि ऋण बाजू एकमेकींना ओढतात एवढं शाळेतलं विज्ञान इथं पुरतं. धनभाराचा रंग ऋणभाराकडं जातो.

शरीरात ऋणभार कुठं असतो? भरपूर ठिकाणी, आणि तोही रांगेनं. पेशीच्या केंद्रात असलेलं डीएनए ही अशीच एक लांबलचक साखळी आहे. तिच्यावर ठरावीक अंतरानं फॉस्फेटचे गट असतात आणि प्रत्येक गटावर एक ऋणभार असतो. गुडघ्यातल्या कूर्चेत सल्फेटचे गट असलेल्या साखरेच्या साखळ्या असतात, त्याही ऋणभारित. रक्त गोठू नये म्हणून दवाखान्यात देतात ते हेपॅरिन तर शरीरातल्या सगळ्या साखळ्यांमध्ये सर्वांत दाट ऋणभाराचं मानलं जातं. रक्त तपासायला नेतात त्या हिरव्या झाकणाच्या नळीत तेच असतं.

छोटे छोटे घटक मण्यांसारखे ओवून झालेल्या अशा लांब रेणूला पॉलिमर म्हणतात. त्यावर विजेचा भार असेल तर ते भारित पॉलिमर. यापुढं मी त्याला नुसतं 'साखळी' म्हणेन.

## साखळीवर रंगाची पंगत

आपल्याकडच्या लग्नातली पंगत आठवा. मांडवात लांब पट्टी अंथरलेली आहे. पट्टी म्हणजे साखळी, तिच्यावर बसायच्या जागा म्हणजे ऋणभार आणि पाहुणे म्हणजे रंगाचे रेणू.

पट्ट्या भरपूर आणि पाहुणे मोजके असतील तर माणसं ऐसपैस बसतात. पट्टी एकच आणि पाहुणे पुष्कळ असतील तर मांडीला मांडी लागते. इथपर्यंत सोपं आहे. पण पंगतीत आणखी एक गोष्ट घडते. माणसं थोडी असली तरी ती सारख्या अंतरावर बसत नाहीत. ओळखीचा माणूस दिसला की त्याच्या शेजारची जागा धरतात. अर्धी पट्टी रिकामी आणि एका टोकाला दहा जण दाटीनं बसलेले, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

रंगाचे रेणूही तसंच करतात. एकानं साखळीवर जागा धरली की त्याच्या शेजारची जागा दुसऱ्याला जास्त सोयीची होते. कारण आता तिथं साखळीचा ऋणभार तर आहेच, शिवाय टेकायला शेजाऱ्याचा सपाट पृष्ठभागही आहे. म्हणून रंग साखळीवर विखरून न बसता गटागटानं बसतो. ब्रॅडली किंवा वुल्फ यांची नावं पाठ्यपुस्तकात सहसा येत नाहीत, पण या दोघांनी १९५९ मध्ये साखळीवर रंगांची अशी थप्पी लागण्याचा कल आकड्यात मांडायची रीत दिली. त्यातून दिसलं की हा कल प्रत्येक साखळीचा वेगळा असतो. रंग तोच असला तरी एका साखळीवर तो दाटीनं बसतो, तर दुसरीवर सुटा सुटा. साखळी किती लवचीक आहे, तिच्यावरचे भार किती जवळ आहेत आणि ते कोणत्या दिशेला आहेत, यावर ते ठरतं.

रंगाचे चपटे रेणू एकमेकांवर बसतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर साधारण ०.३४ नॅनोमीटर असतं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. त्याचाही तिसरा हिस्सा. इतक्या जवळ आल्यावर रेणू एकटा राहतच नाही.

## दाटी झाली म्हणून रंग का बदलावा?

माझ्या वर्गात सर्वांत जास्त हात याच प्रश्नाला वर होतात, म्हणून इथं जरा थांबतो.

एखादी वस्तू निळी दिसते याचा अर्थ ती निळा प्रकाश तयार करते असा नाही. तिच्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला काही भाग ती गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. टोलुइडिन ब्लूचा सुटा रेणू साधारण ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे नारिंगी-तांबड्याकडचा प्रकाश गिळतो. तांबडं वजा झालं की उरतं ते निळं.

आता हा प्रकाश गिळला जातो म्हणजे काय होतं? रेणूतले इलेक्ट्रॉन त्याच्या लांबीत या टोकाकडून त्या टोकाकडं झुलतात. झुलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश रेणू घेतो, कमी नाही आणि जास्तही नाही. एकटा रेणू असेल तर हा त्याचा खासगी कारभार असतो. पण रेणू एकावर एक रचले गेले की सगळ्यांचे इलेक्ट्रॉन एकत्र झुलू लागतात. झुलताना एकाचं ऋण झालेलं टोक शेजाऱ्याच्या ऋण झालेल्या टोकाच्या अगदी समोर येतं. सारखे भार एकमेकांना ढकलतात. त्यामुळं असं एकत्र झुलायला जास्त ऊर्जा मोजावी लागते.

जास्त ऊर्जेचा प्रकाश म्हणजे कमी तरंगलांबीचा प्रकाश. म्हणून दोन रेणूंची जोडी ६३० ऐवजी ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळते, आणि साखळीवर लांब थप्पी लागली की हा आकडा ५४०-५५० पर्यंत खाली येतो. तो हिरवा-पिवळा प्रकाश. हिरवं वजा झालं की उरतात निळा आणि तांबडा. त्यांचं मिश्रण म्हणजे जांभळा.

रंगाच्या रेणूत एक अणूही कमी-जास्त झालेला नाही. बदललाय तो फक्त शेजार. एकच रंग वेगवेगळ्या जागी वेगवेगळा दिसण्याच्या या गुणाला मेटाक्रोमसी म्हणतात. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञानं १८७८ मध्ये लाइपझिगला सादर केलेल्या प्रबंधात अशा पेशींचं वर्णन केलं, ज्यांच्यातले कण इतरांपेक्षा वेगळ्याच रंगात उठून दिसत. त्यांना आपण आज मास्ट पेशी म्हणतो. अंगावर पित्त उठतं तेव्हा खाज आणणारं हिस्टामिन याच पेशींतून बाहेर पडतं. त्यांच्या कणांत हेपॅरिन ठासून भरलेलं असतं, म्हणून त्यांच्यावर रंगाची थप्पी लागते. पण एर्लिकच्या काळात हे 'का' कुणालाच सांगता येत नव्हतं. रंगांच्या रेणूंची जमवाजमव हेच त्याचं कारण, हे लिओनोर मायकेलिस आणि सॅम ग्रॅनिक यांनी १९४५ च्या सुमारास प्रयोगांनी पक्कं केलं.

थप्पी नेहमी एकावर एकच लागते असंही नाही. काही रंग पायऱ्यांसारखे सरकून बसतात. मग उलटा परिणाम होतो आणि ते जास्त तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. १९३६ मध्ये जेली आणि शायबे यांनी वेगवेगळं हे पाहिलं. फोटोच्या जुन्या फिल्मला अशा रंगांचा फार उपयोग झाला. आपल्या निळ्या रंगाचं मात्र तसं नाही, म्हणून तो भाग इथंच सोडतो.

## रंग बदलला म्हणजे रासायनिक क्रिया झाली ना?

नाही. हे हातानं करून बघता येतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही.

परीक्षानळीत टोलुइडिन ब्लूचं अगदी पातळ द्रावण घ्या, पलीकडची खिडकी दिसेल इतकं पातळ. रंग स्वच्छ आकाशी निळा असतो. त्यात हेपॅरिनचे एक-दोन थेंब सोडा. नळी हलवायच्या आत जिथं थेंब पडला तिथून जांभळी रेघ खाली उतरते आणि बघता बघता सगळी नळी जांभळी होते. आता यात मीठ टाकत जा. चिमूटभरानं फारसं काही होत नाही. आणखी टाका, ढवळा. जांभळा फिका होतो आणि खालून पुन्हा तोच निळा वर येतो. मिठाऐवजी अल्कोहोल घातलं तरी निळा परत येतो. नळी गरम केली की जांभळा पुसट होतो आणि गार झाली की परत येतो.

रासायनिक बंध जुळून नवीन पदार्थ तयार झाला असता तर चमचाभर मिठानं तो मोडला नसता. इथं काय झालं ते पंगतीवरूनच समजतं. मिठातले सोडियमचे कणही धनभारित असतात. ते आगंतुकासारखे पट्टीवर जागा अडवतात आणि त्यांची संख्या इतकी मोठी असते की रंगाला उठावं लागतं. उठला की तो सुटा होतो. सुटा झाला की निळा.

## धनभाराचे रेणू शेजारी शेजारी बसतात तरी कसे? ते एकमेकांना ढकलत नाहीत का?

ढकलतात. नुसत्या पाण्यात, साखळी नसताना, हे ढकलणं आड येतं. म्हणून पातळ द्रावणात रंग सुटाच राहतो. द्रावण दाट केलं तर साखळीशिवायही जोड्या जमतात, पण त्यासाठी रंग पुष्कळ लागतो. साखळी आली की तिचे ऋणभार रंगाचे धनभार शांत करतात आणि ढकलाढकल कमी होते.

आणि मग पाणी आपलं काम करतं. रंगाचे सपाट पृष्ठभाग पाण्याला फारसे मानवत नाहीत. दोन सपाट बाजू एकमेकींना टेकल्या तर पाण्याशी येणारा संबंध कमी होतो आणि सगळ्यांचीच सोय होते. अल्कोहोल घातल्यावर थप्पी मोडते ती याचमुळं. अल्कोहोलात या सपाट बाजूंना अवघडल्यासारखं होत नाही, म्हणून एकमेकांना टेकायची गरज उरत नाही.

म्हणजे साखळी दोन कामं करते. ती रंगाला पाण्यातून गोळा करून एका ओळीत आणते आणि त्याचं एकमेकांना ढकलणं थांबवते. यामुळं कोऱ्या पाण्यात जी दाटी व्हायला रंगाचं गडद द्रावण लागलं असतं, ती जेमतेम निळसर दिसणाऱ्या पाण्यातही होते.

## साखळी वाढवत नेली तर रंग आणखी जांभळा होईल?

ही शंका अगदी स्वाभाविक आहे आणि उत्तर नेमकं उलटं आहे. रंग तेवढाच ठेवून साखळी वाढवत गेलात तर सुरुवातीला जांभळा वाढतो. मग एक टप्पा येतो, तिथून पुढं तो परत निळ्याकडं वळू लागतो. मांडवात आणखी पट्ट्या अंथरल्या की पाहुणे पांगतात, तसंच. पण ओळखीच्यांना सोडून उठायला ते लगेच तयार नसतात, म्हणून पट्ट्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त अंथराव्या लागतात. किती जास्त, यावरूनच त्या साखळीवर थप्पी लागायचा कल किती जोरकस आहे ते मोजतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जांभळा रंग 'इथं साखळी पुष्कळ आहे' असं सांगत नाही. तो 'इथं साखळीवर रंगाची दाटी आहे' एवढंच सांगतो. साखळी किती आणि रंग किती यांचं गुणोत्तर माहीत नसेल तर नुसत्या रंगावरून प्रमाण काढणारा माणूस सपशेल चुकतो. आपल्याकडच्या महाविद्यालयांत मिथिलीन ब्लू आणि लाकडाचा कोळसा किंवा बाभळीची साल घेऊन पाणी शुद्ध करण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यात रंगाची तीव्रता मोजून 'एवढा रंग शोषला गेला' असं लिहितात. दाट द्रावणात रेणूंच्या जोड्या जमलेल्या असतात आणि तिथं रंग दुप्पट म्हणजे वाचन दुप्पट हा हिशोब चालत नाही. मुलांनी द्रावण आधी पुरेसं पातळ करून घ्यावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

## गडचिरोलीतल्या काचेवरचा जांभळा ठिपका

महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरचीकडच्या गावांत ताप आला की आशाताई बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतात आणि ती काच तपासायला जाते. तिथं ती रंगवतात, कधी गिम्सा रंगानं तर कधी जेएसबी नावाच्या रंगानं. जेएसबी आपल्याच देशात, १९४४ मध्ये जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी बनवला. मिथिलीन ब्लू, आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट उकळून तयार होणारा स्वस्त रंग, म्हणून तो देशभर वापरात आला.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर मलेरियाच्या जंतूचं शरीर निळं दिसतं आणि त्याच्या पोटातलं केंद्रक तांबडं-जांभळं. निळ्या अंगठीत बसवलेल्या लाल खड्यासारखा तो ठिपका शोधण्यात तपासनीसाची नजर तयार झालेली असते. गंमत अशी की बाटलीतल्या औषधात हा रंगच नसतो. त्यात असतात निळे रंग आणि गुलाबी इओसिन. निळ्यांपैकी आझूर बी नावाचा रंग डीएनएच्या साखळीवर जोड्या करून बसतो. तो एकटा असता तर केंद्रक निळंच दिसलं असतं. पण इओसिन ऋणभारित आहे. तो या बसलेल्या धनभारित निळ्या रंगांशी येऊन जुळतो आणि त्या रचनेचा जांभळा रंग तयार होतो. जंतूच्या शरीरातल्या दुसऱ्या साखळीवर, आरएनएवर, ही रचना तशी जमत नाही. म्हणून ते निळं राहतं. दिमित्री रोमानोव्स्की यांनी हा परिणाम १८९१ मध्ये मलेरियाच्याच जंतूवर दाखवला. त्याच वर्षी एर्लिक आणि गुटमान यांनी मिथिलीन ब्लू औषध म्हणून मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं.

इथं एक व्यवहाराची गोष्ट सांगायलाच हवी. मलेरियाची काच रंगवायचं पाणी ७.२ पीएचचं असावं लागतं. पीएच म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप: ७ म्हणजे ना आंबट ना तुरट. पाणी आम्लाकडं झुकलं तर सगळी काच गुलाबी होते, उलट्या बाजूला झुकलं तर सगळी निळी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. ते क्षार पीएचही हलवू शकतात आणि साखळीवरच्या जागाही अडवू शकतात. काच फिकी आली तर दोष रंगाला द्यायच्या आधी पाण्याकडं बघावं. पाण्याचा पीएच जागेवर धरून ठेवणाऱ्या बफरच्या गोळ्या संपल्या म्हणून नळाच्या पाण्यावर काम भागवलं जाऊ नये. त्या गोळ्या वेळेवर पोचवणं हा मलेरियाच्या लढाईतला छोटा खर्च आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही.

एक वेगळा रंग घेतला, ॲक्रिडिन ऑरेंज, तर हाच भेद अंधारात चमकून दिसतो. डीएनएच्या दुहेरी साखळीत तो एकेकटा पायरीत शिरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. आरएनएच्या एकेरी साखळीवर त्याची थप्पी लागते आणि तो तांबडा चमकतो.

## कारखान्यात हाच रंग काय करतो

कागद बनवताना लगद्यात धनभारित साखळ्या घालतात, म्हणजे बारीक तंतू आणि कागदात भरायची पूड जाळीतून वाहून न जाता कागदात राहते. नदीचं गढूळ पाणी निवळायलाही अशा साखळ्या वापरतात. पण त्यांच्यावर नेमका किती भार आहे हे कसं मोजायचं? १९५२ मध्ये जपानच्या तेरायामा यांनी एक सोपी युक्ती सांगितली. नमुन्यात टोलुइडिन ब्लू टाकायचा आणि त्यात ऋणभारित साखळीचं माहीत असलेलं द्रावण थेंब थेंब सोडायचं. धन आणि ऋण साखळ्या आधी एकमेकींना मिठी मारतात. तोवर रंगाकडं कुणी बघत नाही आणि तो निळा राहतो. सगळे धनभार संपले की पुढचा थेंब मोकळा असतो. रंग लगेच त्याच्यावर जाऊन बसतो आणि निळं द्रावण जांभळं होतं. किती थेंब लागले यावरून भार किती ते कळतं. एक पेलाभर पाणी, एक ब्युरेट (थेंब मोजून सोडायची काचेची नळी) आणि डोळे, एवढ्यात काम होतं. ज्या मुलांना बल्लारपूरच्या कागद कारखान्यासारख्या ठिकाणी नोकरी करायची इच्छा असते, त्यांना हा प्रयोग मी आवर्जून दाखवतो.

## मग तोंडातल्या निळ्या डागाचं काय?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. तोंडाच्या तपासणीत डॉक्टर निळा की जांभळा असं बघत नाहीत. रंग धुतल्यावर राहतो की जातो एवढंच बघतात. पण तो राहतो त्यामागचं कारण तेच आहे: ऋणभारित साखळ्या.

कॅन्सरच्या किंवा कॅन्सरकडं झुकलेल्या पेशींत केंद्रकं मोठी आणि दाट असतात, म्हणजे डीएनए जास्त. शिवाय त्या पेशी एकमेकींना नीट धरून नसतात, मधल्या फटींतून रंग आत उतरतो. म्हणून तिथला रंग सौम्य आम्लाच्या चुळीनंही निघत नाही. निरोगी गालाचा वरचा थर अखंड असतो, रंग आत शिरतच नाही आणि धुतला जातो.

आता दुसरी बाजू. रंगाला कॅन्सर ओळखता येत नाही. त्याला फक्त ऋणभार आणि वाट दिसते. दाताच्या टोकानं कापलेला गाल, तिखटानं सोललेली जागा, साधा तोंड आलेला व्रण, या ठिकाणीही वरचा थर फाटलेला असतो आणि रंग राहतो. जिभेच्या वरच्या बाजूला बारीक खरखरीत उंचवटे असतात, त्यांच्यातही तो अडकून बसतो. हे झालं विनाकारण घाबरवणारं. याच्या उलटही होतं. खर्ऱ्यामुळं गालावर जाड पांढरा चट्टा तयार झालेला असेल तर तो रंगाला आतच शिरू देत नाही. सगळं धुऊन जातं, माणूस "आपल्याले काई नाई" म्हणून घरी जातो आणि चट्ट्याखाली काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. मला भीती वाटते ती या दुसऱ्या माणसाची.

"मंग हे लावताच कायले?" असं कुणी विचारेल. त्याचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. गालात चट्टा दोन बोटं रुंद असतो, त्यातला कोणता भाग तपासायचा? रंग जिथं ठाशीव राहिला, तिथून तुकडा घेतला तर नेमकी जागा सापडण्याची शक्यता वाढते. व्रण असेल तर डॉक्टर टोकदार दात घासून देतात, साधारण दोन आठवडे थांबतात आणि पुन्हा रंग लावतात. साधा व्रण तोवर भरून येतो आणि रंग राहत नाही. तरीही राहिला तर तुकडा काढून तपासायचा. कॅन्सर आहे की नाही हे ठरवतो, तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा पॅथॉलॉजिस्ट. ही तपासणी म्हणजे बायोप्सी. "सुई लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीपोटी लोक ती टाळतात आणि त्या टाळण्यात महिने जातात. तुकडा घेतल्यानं कॅन्सर पसरतो म्हणून थांबावं, असं कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ सांगत नाही.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, किंवा तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जात नसतील, तर निळं औषध लावलेलं असो वा नसो, दंतवैद्याकडं जायला हवं. रंग धुऊन गेला, पण डॉक्टरांनी पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा मागितला, तर तो द्यावा.